‘असंच अजून एक द्या की’

पुस्तक काउंटरवर ठेवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, ‘झालं हे. असंच अजून एक द्या की.’ आमच्या वाचनालयात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. २६ वर्षं मी देवघेवीला बसते आणि २६ वर्षं त्यातल्या ‘असंच’शी माझी झटापट चालली आहे. पेशव्यांवरची जाडजूड कादंबरी परत करणाऱ्याला ‘असंच’ म्हणजे नेमकं काय हवं असतं? पेशवे? लढाया? की नुसती जाडी? एका निवृत्त तलाठ्यांना मी ओळीने चार ऐतिहासिक कादंबऱ्या दिल्या, चारही दोन-दोन दिवसांत परत आल्या. पाचव्या वेळी ते हळूच म्हणाले, ‘ताई, त्या पहिल्या पुस्तकाचं अक्षर मोठं होतं बघा.’

पुस्तकं सुचवणाऱ्या ज्या वेबसाइटी आणि ॲप मी गेली पाच-सहा वर्षं या काउंटरवर वापरून बघितली, त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले, तर पहिल्यांदा ते तलाठीच आठवले. यातली बहुतेक साधनं त्यांच्यापुढे नापास आहेत. एक मात्र पास झालं, आणि ज्याच्याकडून मला फार आशा नव्हती ते. त्याबद्दल पुढे सांगते.

आमचं वाचनालय कृष्णाकाठचं, तालुका ‘ब’ वर्ग. पुस्तकं २३ हजारांच्या आसपास, वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी आत शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेलीच, पण मला जास्त लागलं ते तालिकेच्या कपाटाचं. लाकडी खण फुगून असे बसले की उघडेनात. सुताराने फोडले तेव्हा आत कार्डांची वीट झाली होती. लेखक-कार्डं, विषय-कार्डं, सगळी माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंच्या अक्षरातली. बाईंना एक सवय होती, कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक शेरा मारायचा. ‘रडके.’ ‘दुपारी वाचायला बरे.’ ‘पहिली ३० पाने सोसावीत.’ एका कौटुंबिक कादंबरीच्या कार्डावर तर ‘सुनेस द्यावे, सासूस नको’ असं होतं. दाखलखातं वरच्या माळ्यावर असल्यामुळे वाचलं, त्यावरून पुस्तकांची यादी पुन्हा करता आली. शेरे कुठून आणायचे?

त्याआधी एकदा यादी कॉम्प्युटरवर चढवून झाली होती. ज्याला काम दिलं होतं त्याने ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. त्याच्या मशीनवर सुंदर मराठी, आमच्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. आता ई-ग्रंथालय या सरकारी सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्याने युनिकोडात भरलंय. ते नोंदींना उत्तम आहे. पण ‘असंच अजून एक’ हा रकाना त्यात नाही, असायचं कारणही नाही. त्यासाठी मी बाहेर बघायला लागले.

सगळे करतात तिथूनच मी सुरुवात केली, म्हणजे गुडरीड्सपासून. ही साइट २००७ पासून आहे, २०१३ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. वाचलेल्या पुस्तकांना एक ते पाच तारे द्यायचे आणि त्यावरून ती पुढचं सुचवते. मी साइट उघडली तेव्हा २० पुस्तकांना तारे दिल्यावर शिफारशी सुरू होत होत्या. अर्धा तारा देता येत नाही. मराठी माणसाचे निम्मे निकाल ‘बरं आहे’ इथे संपतात. ते तीन तारे की चार, हे ठरवता ठरवता माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आतलं गणित तसं सोपं आहे. तुम्हाला आवडलेली पुस्तकं ज्यांना आवडली, त्यांना आणखी काय आवडलं ते बघायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं. पुस्तकात काय लिहिलंय हे यंत्राने बघितलेलं नसतं. रानातल्या पायवाटेसारखं आहे ते, जिथून जास्त माणसं गेली तिथे वाट पडते. इंग्रजीच्या रानातून लाखो माणसं जातात, म्हणून तिथे वाटा ठळक आहेत. इंजिनिअरिंगच्या पोरांना एक इंग्रजी रहस्यकथा आवडली आणि पुढची हवी असली, तर ही साइट माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी बिनशर्त मान्य करते. मराठीच्या रानात माणसंच कमी गेलीत. जी गेली ती बहुतेक त्याच दहा-पंधरा गाजलेल्या पुस्तकांवरून गेलीत. मग कुठलंही मराठी पुस्तक टाका, फिरून शिफारस त्याच दहा-पंधरांची. ती आमच्याकडे प्रत्येकाने दहावीच्या सुट्टीतच वाचलेली असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. तिथे मूळ पुस्तक आणि त्याची भाषांतरं एकाच खात्यावर मांडतात. ‘मृत्युंजय’ घ्या. मूळ मराठी १९६७चं. हिंदी वाचलेला, इंग्रजी वाचलेला आणि मराठी वाचलेला, सगळ्यांचे तारे एकाच हंड्यात. मराठी गाजलेल्या पुस्तकाला ते चालतं. पण उलट बाजूने बघा. एखाद्या परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद कसा उतरलाय हे मला वाचकाला सांगायचं असतं, आणि तिथले हजारो तारे असतात मूळ भाषेतल्या पुस्तकाचे. पाच तारे बघून आणलेला अनुवाद रुक्ष निघाला की वाचक मलाच बोल लावतो.

आता घरोघरच्या कार्डांचं. आमच्याकडे एका घराची एकच वर्गणी असते. एका कार्डावर दोन पुस्तकं आणि एक मासिक. आजीला ज्ञानेश्वरीवरचं निरूपण, नातवाला स्पर्धा परीक्षेचं गाईड, सुनेला कधी पाककृती, कधी भयकथा. (भयकथा पिशवीत खाली, पाककृती वर. मला सगळं माहीत असतं.) हा सगळा इतिहास यंत्रापुढे ठेवला तर ते काय सुचवील? पुस्तकं विकणाऱ्या एका मोठ्या साइटवरून मी वाचनालयासाठी तलाठी भरतीची गाईडं मागवली होती. पुढे तीन महिने ती साइट मला तलाठी करायच्या मागे लागली होती. गिऱ्हाईक कुणासाठी घेतंय हे तिला कळत नाही. मला कळतं, कारण पिशवी धरलेला हात दिसतो.

मराठी पुस्तक शोधताना खरी ठेच लागते ती अक्षरांना. ‘ययाति’ की ‘ययाती’? कादंबरी आली १९५९ मध्ये, ऱ्हस्व ‘ति’ घेऊन. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शेवटचा इकार दीर्घ केला. पुस्तकाचं नाव राहिलं तसंच, पण लोक टाइप करतात शाळेत शिकवल्याप्रमाणे. जिथे शोध तंतोतंत अक्षरं जुळवतो तिथे ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तकही ‘सापडले नाही’ होतं. त्याहून मजा ‘वाऱ्यावरची वरात’ची. ‘वाऱ्या’तला तो डोळ्याच्या पापणीसारखा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, वेगळा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला दोन निरनिराळे शब्द. ‘ॲ’चंही तेच, एक अख्खं अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र काढून. मी आता कुठेही शोधताना शहाणपणाने फक्त ‘वरात’ टाकते, आधीचा शब्द सोडून देते. नवीन काही शिकवायचं झालं तर मी हेच शिकवते. नावातला सगळ्यात साधा, विनाजोडाक्षराचा शब्द टाका. रोमन लिपीत तर विचारूच नका. ‘मृत्युंजय’मधल्या ऋकाराला कुणी ‘रु’ लिहितं, कुणी ‘रि’, शेवटी कुणी ‘ए’ लावतं, कुणी नाही.

या रोमन भानगडीत एक ठिकाण मात्र शिस्तीचं आहे, वर्ल्डकॅट. जगभरच्या ग्रंथालयांची ही सामाईक तालिका अमेरिकेतून १९७१ पासून चालते. आमच्या एका काकूंची लेक शिकागोजवळ राहते. तिला बाळंतपणाच्या रजेत मराठी वाचायचं होतं, आणि काकू इथून पार्सलाने पाठवायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा. वर्ल्डकॅटवर बघितलं तर पाचातली तीन पुस्तकं तिच्या जवळच, शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे, ते भारतीय भाषांमधली पुस्तकं घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना पाठवतं. त्यामुळे आपल्या तालुक्यात न मिळणारा कवितासंग्रह शिकागोत असू शकतो. शोधताना एक लक्षात ठेवायचं, त्यांच्या लिप्यंतरात आपण बोलताना गिळतो तो शेवटचा ‘अ’सुद्धा लिहितात. ‘वरात’च्या शेवटीही इंग्रजी ‘ए’ येतो. एकदा हे कळलं की सगळं सापडतं. काकूंचं टपालखर्चाचं वाचलं, मला रव्याचे लाडू मिळाले. सुचवण्याचं काम वर्ल्डकॅट करत नाही, पण शोधून देण्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

आता मला ज्यांनी खरंच काही शिकवलं त्यांच्याकडे येते.

नववीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर येते. सेमी-इंग्रजीची आहे, पण वाचते मराठीच. एकदा म्हणाली, ‘बाई, रडू येईल असं द्या, पण शेवटी कुणी मरायला नको.’ आधीच्या ग्रंथपाल बाईंची कार्डं असती तर ‘रडके’ शेऱ्याची दहा कार्डं काढली असती. मी मोबाईल काढला आणि व्हिचबुक उघडलं. ही इंग्लंडमधली साइट आहे, ग्रंथालयवाल्यांच्याच डोक्यातून आलेली. तिथे लेखक, विषय काही विचारत नाहीत. जोड्या असतात, आनंदी की उदास, गमतीचं की गंभीर, सौम्य की हिंसक, आशादायी की काळोखं, सोपं की डोकं लावायला लावणारं. मधली खूण हवी तिकडे सरकवायची, पण चारच जोड्यांवर. मुलीने उदासकडे सरकवली, आशादायीकडे सरकवली, सौम्यकडे सरकवली. चौथी जोडी कुठली घेऊ म्हणून ती खाली गेली आणि तिथे एक जोडी अशी आली की मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, तीनच पुरेत.

उत्तरं सगळी इंग्रजी पुस्तकांची आली, आमच्याकडे त्यातलं एकही नाही. म्हणजे साधन म्हणून शून्य उपयोग. पण तिने तीन खुणा सरकवल्या तेव्हा तिच्या मनातलं मला इतकं स्वच्छ कळलं होतं, की मी उठून थेट तिसऱ्या कपाटाकडे गेले. त्या दिवसापासून काउंटरवर पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या आहेत. पाच जोड्या, पेन्सिल बांधून ठेवलेली. आधी वाचक हसले. आता बायका चिठ्ठी आधी भरतात, मग चप्पल काढतात.

स्टोरीग्राफ याच जातीचं आहे, पण मोठं. नादिया ओदुनायो या लंडनच्या प्रोग्रॅमरने २०१९ मध्ये सुरू केलं. इथे वाचक सांगतात की पुस्तकाची चाल संथ, मध्यम की वेगवान आणि ते वाचताना वाटलं काय: अस्वस्थ, हलकंफुलकं, अंतर्मुख. तारे पाव-पाव देता येतात, म्हणजे माझं ‘बरं आहे’ इथे सव्वातीन म्हणून सुखाने बसतं. त्रासदायक मजकुराची आगाऊ सूचनाही असते. ही सूचना मला पहिल्यांदा फाजील वाटली होती. मग एक प्रसंग झाला. मूल गेलेल्या एका बाईंना मी न आठवून नेमकी तीच गोष्ट असलेली कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गुपचूप परत ठेवली, बोलल्या काही नाहीत. त्यानंतर मी त्या सूचनांना हसत नाही. मराठी पुस्तकांच्या नोंदी इथे फारच तुरळक आहेत, असल्या तर बरेचदा मनःस्थितीचा रकाना कोरा. पण ‘चाल’ हा शब्द मी इथूनच उचलला. आता मी विचारते, ‘बैलगाडी पाहिजे का एसटी?’ याचं उत्तर आजवर एकानेही चुकवलेलं नाही.

वाचताना असंही कळलं की अमेरिकेत सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरायची चार दारं सांगितली आहेत: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. ज्याला जे दार आवडतं त्याला तेच दार मोठं असलेलं पुस्तक द्यायचं, विषय कुठलाही असो. त्यांचा दुसरा नियम तर मी कागदावर लिहून काउंटरमागे लावलाय. पुस्तक आवडतंय का बघायला ५० पानं वाचा. तुमचं वय ५० पेक्षा जास्त असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं. मी ५४ची, माझ्यावर बंधन ४६ पानांचं. आमच्या एका ८८ वर्षांच्या आजोबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे बारा. बाराव्या पानाला तर माझा चष्मा बसतो.’

लायब्ररीथिंगबद्दल थोडक्यात. २००५ पासूनची साइट, लोक आपापली घरची पुस्तकं नोंदवून त्यांना स्वतःच्या मनाने खुणेचे शब्द लावतात. पूर्वी फुकटात २००च पुस्तकं चढवता यायची, २०२० पासून मर्यादा नाही. घरी दोन कपाटं असलेल्यांनी जरूर वापरावं. मला काउंटरवर काम पडलं नाही.

मराठीत खऱ्या अर्थाने चालणारं एकच साधन मला सापडलं आणि ते लहान मुलांसाठी आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, २०१५ पासूनचं. भाषा मराठी निवडा, वाचनाची पायरी निवडा, पहिलीपासून चौथीपर्यंत. पहिलीवर चित्र मोठं आणि एखादं वाक्य, चौथीवर चांगल्या दमाची गोष्ट. सगळं मोफत, उतरवून घेता येतं, छापता येतं, परवाना असा की तुम्ही भाषांतरही करू शकता. बालविभागात आमच्याकडे ‘इयत्ता कितवी?’ असं विचारून पुस्तक द्यायची पद्धत होती. त्यात चौथीतल्या पण अडखळत वाचणाऱ्या मुलाची पंचाईत व्हायची. त्याला चौथीचं झेपायचं नाही आणि पहिलीचं घ्यायला लाज वाटायची. पायरीला इयत्तेचं नाव नसल्यामुळे ही लाज गेली. आम्ही आमच्या बालविभागातल्या पुस्तकांच्या कण्यावर त्याच चार पायऱ्यांच्या रंगीत टिकल्या लावल्या. कुंकवाच्या टिकल्यांचीच पाकिटं आणली, स्टिकरपेक्षा स्वस्त पडली.

मोठ्यांच्या बाबतीत एआयवाल्या गप्पिष्ट मदतनिसांची हवा आहे. नाव घेत नाही, कारण दोघा-तिघांकडून सारखाच अनुभव आला. बी.एड.ची एक मुलगी ऊसतोड मजुरांवरच्या पाच मराठी कादंबऱ्यांची यादी घेऊन आली. लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. दोन माझ्याकडे होत्या. एकीवर लेखक भलताच लावलेला. उरलेल्या दोनांसाठी मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी प्रकाशकाकडे फोन लावला. तिकडचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, हे पुस्तक मागणाऱ्या तुम्ही या आठवड्यातल्या तिसऱ्या. आता आम्हालाच वाटतंय, काढावं.’ पुस्तक जन्मालाच आलं नव्हतं. मुलगी बिचारी मलाच समजावत होती की असेल हो कुठेतरी, नीट बघा.

पण टाकाऊ आहे असं म्हणणार नाही. मी उलटा प्रयोग केला. आमच्याच यादीतली ६०० शीर्षकं, प्रत्येकापुढे एक ओळ माहिती, हे त्याला देऊन सांगितलं, यातूनच निवड, बाहेर जायचं नाही. मग बरं काम करतं. सहा सुचवली तर चार पटतात, एक चालतं, एक हास्यास्पद. नवीन आलेल्या मदतनीस पोराचंही पहिल्या वर्षी एवढंच प्रमाण असतं. फक्त ती एक ओळ माहिती लिहायला मला सगळा मे महिना लागला. पेन्सिलीचे शेरे मी तिथे पुन्हा लिहायला घेतले.

व्हॉट्सॲपवरच्या वाचकांच्या ग्रुपवर शिफारशी बऱ्या असतात. मात्र शिफारशीमागोमाग त्याच पुस्तकाची चोरीची पीडीएफ येते आणि वर हात जोडलेलं चित्र. मी अशा दोन ग्रुपमधून बाहेर पडले. फुकटच वाचायचं तर राज्य मराठी विकास संस्थेच्या किंवा साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर जा, हक्काचं आहे. लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटलेली जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. तिथे जुन्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन आहेत, नावं रोमनमध्ये वेडीवाकडी लिहिलेली. तिथेही तोच उपाय, नावातला साधा शब्द टाका आणि धीर धरा.

तलाठ्यांना पास झालेलं साधन म्हणजे बुकगंगा. पुण्याचं, मराठी पुस्तकं विकणारं. विकणाऱ्याच्या शिफारशीवर मी विसंबत नाही, पण तिथे बऱ्याच पुस्तकांची आतली काही पानं उघडून बघता येतात. म्हणजे मला अक्षराचा आकार दिसतो! पानं किती तेही लिहिलेलं असतं. मी काउंटरवरचा मॉनिटर वाचकाकडे फिरवते, पान उघडते आणि विचारते, ‘दिसतंय का?’ खरेदीच्या यादीसाठी समितीपुढे मी आता हाच निकष ठेवते. अध्यक्ष म्हणाले, ‘साहित्यिक मूल्याचं काय?’ मी म्हटलं, ते दिसण्यासाठी आधी अक्षर दिसावं लागतं.

सगळ्यांची कसोटी लावायला माझ्याकडे एक मामा आहेत. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, गेल्या दोन वर्षांत जंगलावरचं आमचं एकूणएक पुस्तक वाचून संपवलं. दर वेळी ‘असंच अजून एक’. जंगल या विषयात मी सगळ्या साइटी पालथ्या घातल्या. वाघ आले, पक्षी आले, आफ्रिका आली. मामा नेत होते, आणत होते, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी मी त्यांना चार दारांबद्दल विचारलं. गोष्ट पाहिजे, माणसं पाहिजेत, का जागा? मामांनी विचार केला. म्हणाले, ‘त्या पहिल्या पुस्तकात घाट हुता बघा. धुकं, आन् मधीच सांबार आडवं. ती वळणं मला वळखीची वाटली.’

म्हणजे दोन वर्षं मी माणसाला वाघ देत होते आणि त्याला रस्ता पाहिजे होता. बुकगंगावर प्रवासवर्णनांत गेले, सह्याद्रीतल्या घाटवाटांवरचं एक पुस्तक उघडलं, अक्षर बघितलं, मागवलं. दहा दिवसांच्या मुदतीचं पुस्तक मामांनी तीन आठवडे ठेवलं. परत आणलं तेव्हा दंडाचे ११ रुपये आधीच मोजून हातात धरले होते. पुस्तकात एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं. ते पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. ‘हितं लेखक चुकलाय. आंबा घाटात ह्या जागी वळण डावं न्हाई, उजवं हाय. मी अकरा वर्षं गाडी नेलीय.’

ई-ग्रंथालयच्या नोंदीत शेऱ्यासाठी एक रकाना असतो, एरवी रिकामाच. त्यात मी लिहिलं: अक्षर मोठं. चाल बैलगाडीची. घाटात गाडी चालवलेल्यांस द्यावे. पृष्ठ ७२ वरील वळण तपासणे.